हाताला डोळे

माझी माय चिखल्याच्या खदानीवर मँगनीज निवडायची. म्हणजे खालून वर आलेल्या दगडांतला माल एका बाजूला, टाकाऊ गोटा दुसऱ्या बाजूला. धुळीत दोन्ही सारखेच काळे, पण माल हाताला जड लागतो. माय गोटा उचलायची, हातावर जरासा तोलायची आणि हलका लागला की फेकायची. सोबतच्या बाया म्हणायच्या, हिच्या हातालाच डोळे आहेत.

गेल्या वर्षी मी तुमसरहून घरी गेले. जेवायला बसलो आणि दुसऱ्याच घासाला दाताखाली खडा. तिसऱ्यालाही! माझं डोकं तसंही लवकर तापतं, त्यात दाढ दुखरी. मी ताटच सरकवलं.

"काय वो माय, दिवसभर गोटे निवडते अन् तांदळातला खडा नाही दिसत तुले?"

माझं ताट जवळ ओढायला तिनं हात पुढे केला. ताट समोरच होतं आणि हात जाऊन आपटला पाण्याच्या गडव्यावर.

"किती दिवस झाले दिसत नाही तुले?"

"झाले असतील दोन वर्षं. तांदूळ शेजारीण निवडून देते, ती गावाले गेली."

"अन् खदानीत?"

"तिथं हात आहे ना बाप्पा."

खदानीत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर दर महिन्याला येत होते! स्वतःचाच एवढा राग आला की तोही तिच्यावरच काढला.

"काहून सांगितलं नाही मले?"

"सांगून काय करू? कामाचा नाही तो गोटा कोणी ठेवते का? मी रोज फेकून राहिली, मले नाही माहीत?"

मग मात्र माझं भांडण तिथंच संपलं. चाळिशी ओलांडलेली बाई मी, तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. "तुले कोण फेकते वो," एवढंच कसंबसं म्हणता आलं.

मोतीबिंदू होता. ऑपरेशनला यायला तयारच नव्हती. शेवटी मीच तिची पिशवी भरली, हाताला धरलं आणि भंडाऱ्याला नेलं. पट्टी काढली तेव्हा मी मुद्दाम तिच्यासमोर उभी राहिले. वाटलं, आता म्हणेल, दिसते. ती नुसती बघत राहिली. मग हात वर करून तिनं माझ्या कपाळावरचे केस मागे सारले.

"अवं माय," ती म्हणाली, "तुझे केस केव्हा पांढरे झाले?"