एकही काडी नसलेला ढीग

शनिवारी सकाळी साडेसहाला मावशी शाळेच्या मागच्या जिन्याखाली वाकल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. काल दुपारपर्यंत तिथे चौदा काळ्या पिशव्या होत्या. आता एक मोडका झाडू होता आणि फरशीवर पिशव्या ओढत नेल्याच्या रेघा.

"कोणी हात मारला इथे?" त्या रिकाम्या जिन्यावरच ओरडल्या.

फाटकावरचा चौकीदार धावत आला. "अहो मावशी, काल तुम्ही घरी गेल्यावर सफाईवाल्यांची गाडी आली होती. पालक समितीच्या चिटणीस साहेबांनी बोलावलेली. आजच्या मेळाव्याआधी आवार चकाचक हवं म्हणाले. काळ्या पिशव्या दिसल्या, गाडीवरच्या पोरांनी उचलल्या. कचराच होता ना?"

"कचरा तुझ्या डोक्यात भरलाय!"

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या चौदा पिशव्यांत पानं होती. आवारातल्या मोठ्या झाडाची, तीन आठवडे रोज गोळा केलेली, उन्हात पसरून, उलटीपालटी करून वाळवलेली. पावसाची सर येईल म्हणून कचऱ्याच्याच पिशव्यांत भरून ठेवलेली, कारण शाळेत दुसऱ्या पिशव्या मिळत नाहीत.

दर वर्षी पानगळीत शाळेचा मेळावा भरतो. शर्यती होतात, मुलांची चित्रं भिंतीवर लागतात, जुन्या पुस्तकांची अदलाबदल होते. आणि या सगळ्यानंतर पहिलीची मुलं एकेक करून पानांच्या ढिगात उडी मारतात. ढीग त्यांच्या छातीएवढा. उडी मारून पोर बाहेर आलं, डोक्यातली पानं झटकली, की मोठी मुलं ओरडतात, "आता शाळेचा झालास!" किंवा "झालीस!" चौथीतली पोरंसुद्धा एकमेकांना सांगत बसतात, माझी उडी केवढी लांब होती ते.

ही उडी एकदा बंद पडली होती. फार वर्षांपूर्वी एका मुलीच्या पापणीला ढिगातली काडी लागली, रक्त आलं. डोळा वाचला, पण ढीग बंद. तेव्हा मावशी शाळेत नव्याच होत्या. त्याआधी पंधरा वर्षं त्यांनी बटणांच्या कारखान्यात काढली होती. पट्ट्यावरून बटणं पुढे सरकायची आणि त्यातलं खडबडीत, चिरलेलं बटण बोटांनी चाचपून बाजूला काढायचं. बघायला वेळच नसायचा, बोटांनाच कळायला लागायचं. कारखाना बंद झाला, बोटं तशीच राहिली. पुढच्या पानगळीत त्या तेव्हाच्या मुख्याध्यापिकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "ढीग मी निवडते. एक काडी सापडली तर मला कामावरून काढा." तेव्हापासून आजपर्यंत कुणाला साधा ओरखडा आलेला नाही.

यंदा पालक समितीला नवे चिटणीस मिळाले. त्यांचं फर्निचरचं दुकान. माणूस उत्साही, सतत कपाळावर घाम आणि हातात फोन. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं, "पानांत धूळ असते, किडे असतात. माझ्या दुकानातली जाड गादी घालू. वर कापडी पानं. धुता येतात, वर्षानुवर्षं टिकतात!" मावशी बोलायला उभ्या राहिल्या, तर ते हसून म्हणाले, "मावशी, तुम्ही जरा चहाचं बघता का?"

मावशींनी चहाचं बघितलं नाही. त्या तडक घरी गेल्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे हल्लीच्या मुख्याध्यापिकांनी, मध्ये पडून ठरवलं, की यंदा मेळाव्याच्या वेळी ढीग तयार असेल तर ढीग, नसेल तर गादी. पण मावशींनी कानाला खडा लावला. पुन्हा त्या बैठकीला गेल्या नाहीत, समितीच्या फोनवरच्या ग्रुपमधूनही बाहेर पडल्या.

यजमानांनी तेव्हाच टोकलं होतं. "अगं, भांडायचंय तर आत राहून भांड. बाहेर बसून तुला कळणार कसं काय चाललंय?"

"मला कळायचं ते बरोबर कळतं," मावशी म्हणाल्या होत्या.

आणि काल त्याच ग्रुपवर चिटणिसांनी लिहिलं होतं, संध्याकाळी गाडी येईल, कुणाचं काही सामान असेल तर चिठ्ठी लावून ठेवा. चौकीदाराने आपला फोन पुढे करून ते दाखवलं. मावशींनी ते दोनदा वाचलं. वाचून राग कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला, कारण त्यातला अर्धा आता स्वतःवर होता.

गादी भिंतीला टेकवून ठेवलेली होती, निळीशार. शेजारी खोक्यात कापडी पानं. सगळी एका मापाची, एका रंगाची. आज पोरं या गादीवर हसत उड्या मारतील. पुढच्या वर्षी ढिगाची आठवण कोण काढणार?

त्यांनी घरी फोन लावला. "उठा. हातगाडी घेऊन शाळेत या."

"सुटीच्या दिवशी? माझा गुडघा..."

"गुडघा घरी ठेवा. गाडी घेऊन या."

आता पानं आणायची कुठून? शाळेच्या रस्त्यावर पानं चिक्कार होती. पण त्या रस्त्यावर मावशींनी ज्याच्याशी भांडण केलं नाही असं एक दार उरलं नव्हतं. टेलर आपल्या दारची पानं झाडून शाळेच्या फाटकाशी ढकलतो, म्हणून त्याच्याशी चार वर्षं अबोला. दातांचे डॉक्टर सांगूनही तेच करतात, म्हणून त्यांच्या पायरीवर एकदा मावशींनी टोपलंभर पानं परत नेऊन ओतली होती.

सात वाजता त्यांनी टेलरचं दार वाजवलं.

टेलर गळ्यात टेप अडकवूनच बाहेर आला आणि एक पाऊल मागे सरकला. "मी नाही टाकली! आज झाडलंच नाही अजून!"

"झाडलं का नाहीस? तुझा कचरा हवाय मला."

"काय हवंय?"

"पानं! बहिरा झालास का मशीन चालवून? चांगली वाळलेली दे. ओली निघाली तर बघ."

टेलर आत तोंड करून ओरडला, "अगं ए, बाहेर ये लवकर! मावशी कचरा मागायला आल्यात!"

त्याची बायको, दोन शेजारणी, सगळ्या हसत बाहेर आल्या. मावशींचे कान लाल झाले. पण त्यांच्या हातांत टोपली होती आणि घड्याळ पुढे चाललं होतं. डॉक्टरांनी पायजम्यावरच पायरी झाडली. पोतं पुढे करून ते म्हणाले, "मावशी, ही तीच पानं आहेत, तुम्ही आणून टाकली होती ती." मावशी हसल्या नाहीत. पोतं मात्र घेतलं.

यजमान लंगडत, कुरकुरत हातगाडी ढकलत होते. अकरा खेपा झाल्या. दहा वाजता झाडाखाली ढीग उभा राहिला. नेहमीपेक्षा लहान, पोरांच्या पोटाएवढाच, पण ढीग होता. फक्त निवडलेला नव्हता.

साडेदहाला चिटणीस आले. शर्यती संपत आल्या होत्या, पाहुण्या बाई व्यासपीठावर बसल्या होत्या. "वा, मावशी, जमवलंत की! चला, पहिलीच्या मुलांना रांगेत आणतो."

"नाही आणायचं. काड्या निघालेल्या नाहीत."

"अहो, अकराला पाहुण्यांचं भाषण आहे. कार्यक्रम छापलाय!"

"छापलाय तर वाचत बसा."

"मग गादी घालतो. पाच मिनिटांत होईल."

मावशी ढिगासमोर उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही. तो इतका खाली गेला, की चिटणिसांना वाकावं लागलं. "तीन आठवड्यांचं माझं काम तुम्ही न विचारता गाडीत घातलंत. मी तुमचा निरोप वाचला नाही, ती माझी चूक. मी ती सकाळपासून धावून फेडतेय. तुमची तुम्ही कधी फेडणार?"

चिटणिसांनी कपाळाचा घाम पुसला.

मोठ्या बाई इतका वेळ ऐकत होत्या. त्या पुढे झाल्या, साडी सावरून सरळ मातीत बसल्या आणि एक मूठ पानं मांडीवर घेतली. "मावशी, दाखवा कसं करायचं."

"बघायचं नाही. चाचपायचं. टोचलं की बाजूला."

मग पहिलीच्या बाई बसल्या. टेलर टेपसकट बसला. पाच-सात आया आल्या. इस्त्रीच्या पॅंटकडे एकदा बघून चिटणीसही टेकले. मावशी घारीसारख्या सगळ्यांमागून फिरत होत्या. "सावकाश! भाजी निवडताय का? पोरांचे डोळे आहेत ते." चिटणिसांनी निवडून ठेवलेल्या पानांत त्यांनी हात घातला आणि करंगळीएवढी टोकदार काडी त्यांच्या नाकासमोर धरली. "ही कुणाच्या पोरासाठी ठेवलीत?"

चिटणिसांची मुलगी पहिलीतच होती. त्यांनी ती काडी घेतली आणि खिशात घातली. नंतर त्यांचा हात फार हळू चालायला लागला.

सव्वाबाराला शेवटची टोपली मावशींनी एकटीने पुन्हा चाचपली. भाषण राहूनच गेलं. पाहुण्या बाईही तोवर खाली येऊन निवडायला बसल्या होत्या. पहिलं पोर धावत आलं, डोळे मिटले आणि उडी मारली. पानं उसळली. मोठी मुलं ओरडली, "आता शाळेचा झालास!" मावशी त्या गलक्यात सामील झाल्या नाहीत. प्रत्येक पोर बाहेर आलं की त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवून बघायच्या आणि सोडून द्यायच्या. अडतीस तोंडं. एकावरही ओरखडा नव्हता.

गादी भिंतीलाच टेकलेली राहिली.

घरी जाताना यजमान रिकामी हातगाडी ढकलत होते. कोपऱ्यावर मावशींनी पदराच्या गाठीतून फोन काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "हे तुम्हाला येतं ना? त्या ग्रुपात माझं नाव परत घालायला सांगा कुणाला तरी."

यजमान थांबले. "म्हणजे राग गेला?"

"गेला कुठे!" मावशी म्हणाल्या. "म्हणून तर घालायचंय."