जिभेखालची गोळी

बाबांना पहिला झटका आला तेव्हा सगळ्यांनी त्याला गॅस ठरवलं आणि सोडा पाजला. तरी ते दवाखान्यातून जिवंत परतले, हे आमचं नशीब. सोबत गोळ्यांची काचेची बाटली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "छातीत दुखलं की बसायचं आणि एक गोळी जिभेखाली धरायची. गिळायची नाही. आराम पडला नाही तर लगेच इकडे आणायचं." बाबांनी मान डोलावली. तंबाखू सोडा म्हटल्यावरही अशीच डोलावली होती.

नुसती मान डोलावणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो, आणि आमच्या घरात सगळेच तसले. माझा जीव तेव्हापासून टांगणीला लागला होता. बाबा खोकले तरी मी तव्यावरची पोळी टाकून धावायची.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी दुखणं पुन्हा आलं. नंदनवन वस्तीतल्या घरात आम्ही तिघंच होतो. बाबा घामाने निथळत होते. मी दिलेली गोळी त्यांनी नीट जिभेखाली ठेवली. कळ थांबेना. आई रिक्षा आणायला पळाली. मी दुसरी गोळी दिली. घाईत बाटलीचं झाकण निसटून पलंगाखाली गेलं. ते काढायला मी वाकले, तेवढ्यात बाबांनी माझ्या शेजारच्या, तंबाखू थुंकायच्या डब्यात पिचकन थुंकलं. थुंकी पांढरी होती.

"बाबा, थुकून काहून राहिले?"

"गिळाचं नाही म्हणे ना डॉक्टर," ते कसेबसे बोलले. "तंबाखूचं पाणी कोणी गिळते का वं?"

जन्मभर ओठात तंबाखू धरलेला माणूस. तोंडात धरलेल्या वस्तूचं पाणी थुंकायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक. औषध सगळं डब्यात गेलं होतं. मी आणखी एक गोळी जिभेखाली सरकवली आणि बापाचे ओठ माझ्या बोटांनी मिटून धरले. हळूहळू त्यांचे खांदे सैल पडले. बरं वाटून पडले की जीव जातोय म्हणून, हे रिक्षा दारात येईपर्यंत मला कळलं नाही.

बाबा वाचले. तंबाखूची डबी मी उकिरड्यावर फेकली. पुढे दुखलं की गोळी ठेवून ते ओठ गच्च मिटत, डब्याकडे बोट दाखवत आणि भेदरल्या डोळ्यांनी मला विचारत, थुकायचं नाही ना?  मीही नुसती मान डोलावायची.