सुकाणूवरचा नावाडी

पंचगंगेवरच्या शर्यतीत आमच्या होडीचं सुकाणू घाटावरचा एक नावाडी धरायचा. सरावात तो भर पाण्यात होडी मुद्दाम उलटवायचा. "आधी होडी धरून तरंगाय शिका पावणं, पळवायचं मागनं," म्हणायचा. दोन वर्षं झाली तरी आम्ही त्याला पावणंच!

एका शर्यतीत आम्ही पुढे असताना माणसांनी भरलेली नाव आडवी आली. "वल्ही वर!" तो ओरडला. आम्ही थांबलो. मागची होडी मात्र नावेला घासून पुढे गेली. नाव कलली, बायका किंचाळल्या. आमच्या नावाड्यानं वाकून दोन्ही हातांनी तिची कड धरली आणि नाव सावरली.

"जिंकलो असतो की!" मी चिडलो.

"व्हय की. आन् ही माणसं?"

दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या होडीतली पोरं आमच्याआधी घाटावर हजर. "मामा, काल चुकलं. आमालाबी शिकवा की," त्यांचा म्होरक्या म्हणाला.

मी सरकून त्याला होडीत जागा दिली.