पारा दहाच्या खाली

दिगंबरभाऊ गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहा घेता घेता पेपर चाळत होतो, तर पाचव्या पानावर दशक्रियेच्या जाहिरातींच्या दाटीत त्यांचा फोटो दिसला. फोटो ओळखीचा होता. त्यांच्या खांद्यावर एक हात होता, फक्त मनगटापर्यंत. पुढचा माणूस कापून टाकला होता. तो माणूस मी. दशक्रिया त्याच दिवशी सकाळी उरकलीसुद्धा होती. धुळ्याहून जळगाव एसटीने अडीच तास. तेवढ्या अंतरावरच्या मित्राचं मरण मला दहाव्या दिवशी पेपरातून कळावं, यात त्यांच्या घरच्यांचा काही दोष नाही. दोष कुणाचा, ते सांगायलाच आज महिन्याभराने लिहायला बसलो आहे. लिहून मन हलकं होईल असं म्हणतात. माझं तरी होत नाहीये.

आमची ओळख भांडणातून झाली. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. जळगावात कुंडीतल्या झाडांचं प्रदर्शन होतं, मी वनस्पतिशास्त्र शिकवतो म्हणून परीक्षक होतो, आणि त्यांच्या नेच्याच्या कुंडीला मी दुसरा नंबर दिला होता. वरणगावच्या कारखान्यात मोजमापाची उपकरणं दुरुस्त करणारा हा उंच, काळासावळा फोरमन सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मास्तर, पहिल्या नंबरच्या कुंडीत काल बाजारातून आणलेलं झाड आहे. माती हलवून बघा." मी हलवली. झाड कुंडीतून उपटून हातात आलं. तेव्हापासून मी त्यांचा मास्तर झालो. प्राध्यापक म्हणायला त्यांनी साफ नकार दिला.

त्यांचं काचघर जळगावातच, मेहरूणला, घराच्या मागच्या अंगणात होतं. तरुणपणी कारखान्याने त्यांना प्रशिक्षणासाठी एक हिवाळाभर जर्मनीला पाठवलं होतं. तिथे ते ज्या म्हातारीकडे भाड्याने राहत, तिच्या घरामागे काचेची खोली होती. बाहेर बर्फ आणि आत हिरवीगार झाडं. परत आल्यावर त्यांनी भुसावळच्या भंगारातून रेल्वेच्या डब्यांच्या जुन्या खिडक्या आणल्या, लोखंडी सांगाड्यात बसवल्या आणि खान्देशात काचघर उभं केलं. खान्देशात! जिथे मे महिन्यात पत्र्यावर पापड भाजून निघावा. शेजारी विचारायचे, "काय भाऊ, न्हाणीघर बांधलं का काचेचं?" भाऊ हसायचे आणि काचेला हाताची उलटी बाजू लावून बघायचे. हात सांगेल तशा खिडक्या वर सरकवायच्या, खाली ओढायच्या. होळी झाली की सगळ्या काचांना बाहेरून चुना फासायचा म्हणजे ऊन अडतं, आणि पहिल्या पावसात तो धुऊन जातो. हा त्यांचा नेम. माझ्या धुळ्यातल्या देवपूरच्या घरी तोरणमाळहून आणलेल्या आमरी, म्हणजे ऑर्किड, एकेक करून सुकत होत्या. त्या मी त्यांच्याकडे नेऊन टांगल्या आणि त्या जगल्या. दहा वर्षांत माझा सगळा संग्रह तिथेच वाढला. त्यातलं एक रोप मला कुठल्याच पुस्तकात सापडेना. त्याला एकदा फूल आलं असतं तर ओळख पटली असती. आठ वर्षं आम्ही दोघं त्या फुलाची वाट पाहत होतो.

त्या म्हातारीने भाऊंना आणखी एक नाद लावला होता, काळ्या बिअरचा. हिवाळ्यात प्यायची, दाट, कडवट, फारशी थंड न करता. प्राध्यापकाने हे पेपरात लिहावं का, असं कुणाला वाटलं तर वाटो. लष्करी कॅन्टीनमधल्या एका निवृत्त सुभेदाराकडून वर्षाला चार-पाच बाटल्या मिळत, कधी कुणी परदेशातून एखादी आणी. बोलावणं कधीच नसायचं. जळगावचा पारा दहाच्या खाली गेल्याचं पेपरात आलं, की पुढच्या रविवारी सकाळी मी एसटी धरायची, एवढंच ठरलेलं. काचघरात लाकडी पेटीवर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि वहिनींनी कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत. बिअर चहाच्या ग्लासात. आधी वास घ्यायचा, मग घोट, मग चव कशासारखी लागली ते सांगायचं, आणि मागच्या वर्षीचं उत्तर चालायचं नाही. करपलेला गूळ, भाजलेली ज्वारी, वांग्याची जळकी साल... एकदा मी "ओल्या पोटमाळ्यासारखी" म्हणालो तर त्यांनी उठून हात मिळवला. वहिनींनी एकदाच चाखली. "हाई काय पेवानी चीज शे? इतलं कडू!" म्हणत त्या आत गेल्या आणि आणखी भरीत घेऊन आल्या. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस मोजायला बसलो तर त्यातले बरेच या रविवारांमध्ये निघतील.

नव्वदनंतर भाऊ निवृत्त झाले आणि काचघर सुधारायच्या मागे लागले. केळी पिकवायच्या खोलीतून काढून टाकलेलं तापमानाचं यंत्र आणलं, कारखान्यात शिकलेलं सगळं पणाला लावलं आणि एक पत्र्याचा डबा तयार केला. आतली हवा तापली की डब्यात टक् आवाज व्हायचा, पंखा सुरू व्हायचा, पंप वाळ्याच्या पडद्यांवर पाणी सोडायचा, हवा कोरडी झाली की बारीक तुषार उडायचे. मी तर थक्क झालो. एका फाल्गुनात भाऊ चुन्याची बादली कालवत होते आणि मी, शहाणा, म्हणालो, "आता चुना कशाला? यंत्र आहे की. चुन्याने उजेड कमी पडतो, म्हणून तर आपलं रोप फुलत नाही." भाऊ थोडा वेळ बादलीत ढवळत राहिले. "वीज गेली तर?" म्हणाले. मी म्हणालो, "गेली तर तासाभरात येते. आणि तुम्ही आहातच की घरी." त्यांनी बादली झाडाच्या बुंध्याशी ओतून दिली. मास्तरांना झाडांतलं कळतं, असा त्यांचा समज होता.

त्याच वर्षी मे महिन्यात माझ्या मुलीचं लग्न होतं, धुळ्याला. भाऊ आणि वहिनी तीन दिवस आधीच यायला हवेत असा हट्ट मी धरला. भाऊ का कू करत होते, मी म्हणालो, "डब्यावर विश्वास नाही का तुमचा?" ते आले. हळदीच्या दिवशी दुपारी जळगावात वावटळ झाली, मेहरूणकडचे खांब पडले, आणि दोन दिवस वीज नव्हती. आम्ही तेव्हा पंगतीत आग्रह करकरून जिलबी वाढत होतो.

चार दिवसांनी कार्ड आलं. "मास्तर, सगळं जळालं. तुमचं एकही रोप वाचलं नाही. आपलं तेही गेलं. दिगंबर." एवढंच. आठ वर्षं ज्याच्या फुलाची वाट पाहिली त्या रोपाला नाव नव्हतं, आता कधी मिळणारही नाही. मी ते कार्ड कितीदा वाचलं असेल! चुना नको मी म्हणालो, लग्नाला ओढून मी आणलं, हे मला पहिल्या ओळीतच कळलं होतं. त्याच क्षणी उठून एसटी धरायला हवी होती. मी कार्डावर उत्तर लिहिलं, "झालं ते झालं. मनाला लावून घेऊ नका." जणू काही क्षमा मीच करत होतो! याहून मोठा भेकडपणा मी आयुष्यात केला नाही.

डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेल्याची बातमी आली. मी गेलो नाही. या वर्षी त्यांनी बोलवावं, म्हणजे त्यांनी मला माफ केलं असं समजता येईल, असा माझा हिशेब. ज्या घरातून कधी बोलावणं येत नव्हतं तिथल्या बोलावण्याची मी वाट पाहत बसलो. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता जाणं अवघड. तिसऱ्या वर्षी वाटलं, आता ते विसरले असतील. असे सहा हिवाळे गेले... सहा! दर वर्षी ती बातमी वाचून मी पेपराची घडी करून ठेवायचो.

गेल्या रविवारी मेहरूणला गेलो. वहिनींनी पाणी दिलं आणि काचघराची किल्ली घेऊन पुढे निघाल्या. आत एकही झाड नव्हतं. रिकाम्या फळ्या, रिकाम्या तारा, सगळं झाडून पुसून ठेवलेलं. दुपारचं ऊन काचांतून सरळ खाली येत होतं. आम्ही उभे असतानाच टक् आवाज झाला, पंखा फिरू लागला आणि वाळ्याच्या पडद्यांवरून पाणी झिरपायला लागलं. मी दचकलो. वहिनी म्हणाल्या, "चालूच शे तो. सहा साल त्यासनी दुसरं काही करं नही. बॅटऱ्या जोड्यात, घंटी लाई. एक झाड लावं नही, पन डबा रोज उघाडीसन बसेत. कसाले म्हनी इचारं, ते म्हनेत, कोठे चुकनं ते सापडानं शे."

पंप बंद झाला. वहिनी पुढे म्हणाल्या, "दर हिवाळामा वाट देखेत तुमनी. थंडी पडनी का रविवारले फाटकजोडे खुर्ची टाकीसन बसेत. मी म्हने, एक कार्ड टाका ना. तर म्हनेत, मास्तरना जीव व्हता त्या झाडेसमा, मना डबानी मारी टाकात. कोनतं तोंड लिसन बलावू?"

मग मी वहिनींना सांगितलं. चुन्याची बादली, माझं बोलणं, लग्नाचा हट्ट, सगळं. डब्यात काहीच चूक नव्हती, ती सापडणारच नव्हती, चूक माझी होती, असं मी दोनदा सांगितलं. वहिनी पदराला हात पुसत ऐकत होत्या. पुन्हा टक् आवाज झाला आणि पंखा सुरू झाला, तेव्हा त्या म्हणाल्या,

"हाई आते मले सांगीसन काय व्हई, भाऊ? त्यासले सांगानं व्हतं."