नवऱ्याला आधी मिळालं

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत, कारण कामच ते होतं. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि ती त्यांच्या कवळ्या बनवायची. गुलाबी मेणाची हिरडी घडवायची, तीत एकेक दात बसवायचा, केसभर इकडे, केसभर तिकडे. एका कवळीला दोन दोन दिवस लागत, पण तिला कधी घाई झाली नाही. अशी बाई देवाच्या बाबतीतही धीर धरून असणार, यात नवल ते काय?

एकोणीस वर्षं ती रोज सकाळी कापडाच्या दुकानावरच्या प्रार्थनेच्या खोलीत जात होती. वीसेक माणसं तिथे तासभर डोळे मिटून गप्प बसत, एवढंच. खोली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या थोरल्या बाईंनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बसत राहा. कधीतरी आत एकदम शांत होतं. कुणीतरी जवळ आहे, हे माणसाला कळतं." एकोणीस वर्षांत दातवालीला गुडघेदुखी मिळाली, खोलीतल्या पंख्याची करकर तोंडपाठ झाली, जवळ मात्र कुणी आलं नाही. तिची तक्रार नव्हती. येईल, म्हणायची.

तिचा नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर ओरडून त्याचा घसा कायमचा बसलेला. प्रार्थनेच्या खोलीला तो 'तुमचं झोपाळू मंडळ' म्हणायचा आणि बायकोला न्यायला आला, की खाली गाडीतच पेपर वाचत बसायचा. एकदा गाडी दुरुस्तीला दिलेली, बाहेर बोचरी थंडी, म्हणून तो वर येऊन दाराजवळच्या खुर्चीत टेकला. तास संपायला दहा मिनिटं उरली होती. तास संपला, सगळे उठले, हा उठेना. गालांवरून पाणी ओघळत होतं.

"अहो, काय झालं? छातीत दुखतंय का?" तिने घाबरून विचारलं.

"नाही गं." इतका हळू आवाज तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "कुणीतरी होतं. अगदी जवळ."

माणसं त्याच्याभोवती गोळा झाली. दातवाली त्याची टोपी हातात धरून मागे उभी राहिली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दहा मिनिटं! तीही थंडी वाजते म्हणून!

त्यानंतर तो रोज तिच्याबरोबर येऊ लागला. त्याचं ओरडणं थांबलं. एका शिकाऊ बाईने गाडीचा आरसा खांबावर आपटून तोडला, तर हा म्हणाला, "होतं असं." घरी स्वतःचा कप स्वतः धुऊ लागला, वर गुणगुणू लागला. त्याचं हे एकेक चांगलं वागणं तिला सुईसारखं टोचायचं.

"कप नीट विसळला नाहीत," ती म्हणायची. कप लख्ख असायचा.

सकाळी बसल्यावर ती एक डोळा किलकिला करून त्याच्याकडे बघायची. सुखाने झोपलेल्या बाळासारखा त्याचा चेहरा. मी काय घोडं मारलं होतं देवाचं, या एका प्रश्नात तिचा तास संपायचा. कामावरही लक्ष लागेना. पुढचा एक दात तिरका बसला आणि दवाखान्यातून कवळी परत आली. असं आजवर कधी झालं नव्हतं.

एकदा ती मेण तापवत असताना नवरा मायेने म्हणाला, "तू ना, फार जोर लावतेस. जरा सैल सोड. क्लच सोडतो तसं, हळूहळू."

"एकोणीस वर्षं मी बसतेय, आणि तुम्ही मला शिकवणार?" ती कडाडली. दुसऱ्या दिवसापासून तिने जाणंच सोडलं. तो मात्र एकटा जात राहिला, त्याने तर तिचा आणखीच तिळपापड झाला.

नवव्या दिवशी दुपारी ती जाब विचारायला थोरल्या बाईंकडे गेली. बाई खुर्च्या पुसत होत्या.

"बाई, माझं काय चुकलं, एवढंच सांगा."

"काही नाही चुकलं."

"मग त्यांनाच का? त्यांनी तर मागितलंही नव्हतं!"

"मला काय माहीत?" बाई फडकं पिळत म्हणाल्या. "मला अजून आलेलं नाही."

आपण चुकीचं ऐकलं, असं दातवालीला वाटलं. "काय आलेलं नाही?"

"तेच. एकेचाळीस वर्षं झाली. मला ज्यांनी सांगितलं त्यांच्यावर माझा विश्वास होता, अजून आहे, म्हणून तुला सांगितलं. तुझा नवरा रडला ना, त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरेना. म्हटलं, आम्ही इथे म्हातारे झालो आणि हा मेला गाडीवाला!"

"बाई, तुम्हीसुद्धा?"

"मी काय दगडाची आहे?"

दातवालीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. "मग रोज येता कशाला?"

"आणि कुठे जाऊ? त्याला यायचं झालं, तर मी इथे सापडेन एवढं त्याला ठाऊक असू दे."

दातवालीने दुसरं फडकं उचललं आणि पलीकडच्या रांगेतल्या खुर्च्या पुसायला घेतल्या.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सरळ सांगून टाकलं, "मला तुमचा हेवा वाटतो. फार वाटतो."

त्याने हातातला कप खाली ठेवला. "मग तुला काही सांगत जाऊ नको का?"

"सांगा. काय काय होतं ते सगळं सांगा. फक्त शिकवू नका."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जाऊन बसली. आता परतताना वाटेत तो सांगतो आणि ती ऐकते. कधी ऐकताना आत जळतं, कधी नाही जळत. तिला अजून काहीच आलेलं नाही. थोरल्या बाईंच्या शेजारची खुर्ची आता तिची झाली आहे.