रागावून बनवलेला सोलर

आमच्या मॅडमएवढं मनापासून रागावणारं माणूस चंद्रपूर-गडचिरोलीत दुसरं सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. आमच्या गडचांदूरच्या कॉलेजात मॅडम केमिस्ट्री शिकवायच्या, मी फिजिक्स. त्या पंख्यावर रागवायच्या, फळ्यावर रागवायच्या, उन्हावर तर रोजच. सिमेंटची धूळ खिडकीच्या गजांवर बसली की ती बोटानं पुसून मला दाखवायच्या, जणू कारखाना मीच काढला होता. "एवढं ऊन फुकट वाया जाऊन राह्यलं आणि तुम्ही चहा पिऊन राह्यले," असं त्या मला एकदा म्हणाल्या. चहा त्यांनीच मागवला होता.

हे ऊन पकडायला त्यांनी प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर सोलर बनवायचं मनावर घेतलं. काचेचा नाही, चटईसारखा गुंडाळता येणारा. उन्हापासून वीज करणारं खास पॉलिमर द्रावकात विरघळवायचं, शाईसारखं पट्टीवर ओढायचं आणि वाळवायचं, एवढंच काम. पण ते द्रावक जहरी. एकदा भर दुपारी बाटल्या धुणारे लॅबमधले भाऊ मोरीपाशीच खाली बसले. "काई नाई मॅडम, जरासं चक्करावून राह्यलं," असं ते म्हणाले. मॅडमनी त्यांना धरून व्हरांड्यात आणलं, पाणी पाजलं, आणि मग आधी त्यांच्यावर, नंतर माझ्यावर, शेवटी ते द्रावक शोधून काढणाऱ्या कुणा अनोळखी माणसावर मनसोक्त रागावल्या. त्या दिवसापासून ती बाटली कपाटात गेली आणि किल्ली त्यांच्या पदराला बांधली गेली.

त्यानंतर संत्र्याच्या सालीतून निघणारं द्रावक आलं. लॅबला संत्र्याच्या बागेसारखा वास येऊ लागला आणि मॅडमच्या रागाला नवा विषय मिळाला. पॉलिमर त्यात नीट विरघळेना, पट्टीवर गुठळ्या झाल्या नाहीत तर शपथ. द्रावण कोमट करून पाहिलं, पट्टी तापवून पाहिली, ओढायचा वेग कमी केला. मी मीटर धरून उभा, मॅडम त्या गुठळ्यांना कॉपी करताना पकडलेल्या पोरांसारखं झापत. अखेर एक पट्टी गुळगुळीत उतरली. उन्हात धरली, मीटरचा काटा हलला. "उशीर काऊन केला?" असं त्यांनी त्या काट्यालाच विचारलं.

मोठ्या संस्थेचे एक साहेब पाहायला आले. जुनं द्रावक वापरलं तर वीज जास्त मिळेल, पेपरही छापून येईल, असं ते समजुतीनं म्हणाले. मॅडम उठल्या, भाऊंना हाक मारून साहेबांपुढे उभं केलं. "जास्तीची वीज पाहिजे असंल तं बाटल्या तुम्ही धुवा," एवढंच बोलल्या. साहेब चहा न घेता गेले.

मग आम्ही त्या पट्ट्या जोडून चटई केली आणि ती धानोऱ्याकडच्या एका गावात नेली. मोहफुलं वेचणाऱ्या एका बाईनं चटई टोपलीवर पसरली, तिला छोटा रेडिओ जोडला. जंगलात गाणं वाजलं. मॅडम पूर्ण दिवस कुणावर रागावल्या नाहीत. मला काळजी वाटली.

पावसाळा सरल्यावर पुन्हा गेलो. दमट हवेनं पट्ट्या डागाळल्या होत्या, रेडिओ मुका झाला होता. आता मॅडमचा स्फोट होणार म्हणून मी दोन पावलं मागे सरलो. पण मॅडम ओट्यावर बसल्या आणि एका पट्टीवरचा डाग बोटानं पुसून पाहू लागल्या. त्या बाईनं चटई घडी करून त्यांच्या मांडीवर ठेवली. "गेलं तं गेलं, बाई. झाडाचं पान बी गळतेच. दुसरं आनान ना?"

"आनीन," मॅडम म्हणाल्या. आवाज इतका हळू होता की मला तो ओळखूच आला नाही.

यंदा त्या निवृत्त झाल्या. चंद्रपूरच्या घरी गच्चीवर अजून पट्ट्या वाळवतात, ओल आत शिरू नये म्हणून वरून नवा लेप देऊन पाहतात. मी अधूनमधून फोन करतो. त्या शांतपणे बोलतात, कुणावरच रागावत नाहीत, माझ्या तब्येतीची चौकशी करतात. फोन ठेवल्यावर मी त्यांच्या रिकाम्या लॅबमध्ये बराच वेळ उभा राहतो.