घेण्यास नकार

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही—आणि तिला तर मी पानठेल्यावर काय बोललो तेही सांगतो. मग आजच का? पुतण्यामुळे. तो इथे नागपुरात वकिली शिकतो. काल जेवताना अमेरिकेतल्या कोर्टांबद्दल बोलत होता. तिथला एक शब्द त्याला फार आवडलाय—ड्यू प्रोसेस. म्हणजे ज्याच्यावर दावा लावला त्याला आधी रीतसर कळवायचं, त्याचं ऐकायचं, मगच निकाल. "काका, आपल्या इथंबी असंच असते नं?" असतं, म्हणालो. आणि ताट अर्धंच ठेवून उठलो.

कारण कळवण्याचं ते काम माझंच होतं. मी दिवाणी कोर्टात बेलीफ होतो. समन्स घरी नेऊन हातात द्यायचं, सही नाहीतर अंगठा घ्यायचा. माणसानं घेतलं नाही तर दोन साक्षीदारांदेखत दारावर चिकटवायचं आणि तसं लिहायचं—'घेण्यास नकार'. किती सोयीचे शब्द!

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. सावनेरजवळच्या एका खेड्यात गिरजाबाई राहायची. घर खाली करून मागायला मालकानं तिच्यावर दावा लावला होता. मे महिना. बस फाट्यावर सोडून गेली, पुढे सगळी उन्हातली पायपीट. मी चहाच्या टपरीवर जरा टेकलो—आणि उठलोच नाही. तिथंच लिहून टाकलं, घेण्यास नकार. टपरीवाल्यानं आणि एका गिऱ्हाइकानं साक्षीदार म्हणून सह्या ठोकल्या. कशावर, हेही विचारलं नाही. आमच्यातले आणखी काही जण असं करायचे. पण त्यांचं त्यांच्यापाशी, मी माझं सांगतोय.

बाई तारखेला आली नाही. येणार कशी? निकाल एकतर्फी लागला. आणि घराचा ताबा घ्यायला कोर्टानं कुणाला पाठवलं असेल? मलाच.

भांडी अंगणात निघत होती तेव्हा तिचा मुलगा अंगावर धावून आला. समन्स आलंच नाही, म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. कोर्टात एवढं एकच सिद्ध झालं असतं तर निकाल रद्द होऊन दावा पुन्हा चालला असता, घर कदाचित वाचलंही असतं. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण नोकरी जाईल ही भीती—नाही, भीतीच्या मागे लपत नाही. मी छातीवरचा बिल्ला सावरला आणि बाईला म्हणालो, "मी आलो होतो नं बाई. तुमीच घेतलं नाई."

तिनं माझ्या बिल्ल्याकडे पाहिलं. सरकारी माणूस खोटं कशाला बोलेल, असंच तिला वाटलं असणार.

"आले असान, भाऊ," ती म्हणाली. "माह्याच ध्यानात रायलं नसन."

मुलगा माझ्यावरून तिच्याकडे वळला. "काहून नाई घेतलं वं, माय?" पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. आणि ती बिचारी उन्हात उभी राहून, न केलेली चूक आठवायचा प्रयत्न करत होती.

पुढे ते कोर्टात गेलेच नाहीत. तेव्हा मला हायसं वाटलं होतं, तेही सांगून टाकतो. आताही हायसं वाटतंय—पण हे वेगळं. इतकं हलकं की लाज वाटावी. गिरजाबाई आता नाही. आपणच विसरलो असं समजत ती गेली असेल. ती काही विसरली नव्हती. तिच्या दारापर्यंत मी गेलोच नव्हतो.